तारागोनाला पोरगा पाहायला

आमच्या भिशीतल्या बायकांनी डोकं खाल्लं म्हणून हे लिहायला बसले आहे. परत आल्यापासून जी भेटते ती विचारते, "काय वं, स्पेनले जाऊन आली म्हनते तू? आमाले जायचं असन त काय काय न्यायचं?" एकीला सांगून होत नाही तोवर दुसरी दारात उभी. मी अकोल्याला जठारपेठेत शिवणाचे क्लास घेते. तोंडात टाचण्या धरून परदेश सांगणं काही सोपं काम नाही, बाई! म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना जायचं आहे त्यांनी कामाच्या गोष्टी घ्याव्या, आणि ज्यांना नुसती भानगड ऐकायची आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

भानगड अशी. आमची एकुलती एक लेक, रेवती, नोकरीसाठी तारागोनाला राहते. बार्सेलोनाच्या खाली समुद्रकाठाने गेलं की हे गाव लागतं. बोलतात कॅटलान. तिथे तिला एक पोरगा आवडला. अर्णाऊ त्याचं नाव. तिने फोटो पाठवला आणि मी लगेच हो म्हणून मोकळी झाले, कारण पोरगा हसरा दिसत होता. पण आमचे हे दर्यापूरकडच्या काळ्या मातीतले. कपाशी-सोयाबीनच्या पलीकडे कशावर चटकन विश्वास ठेवतील तर शपथ! "मी हो बी म्हनत नाही आन् नाही बी म्हनत नाही," असं यांनी जाहीर केलं. "पोट्टा पाहीन, घर पाहीन, वावर पाहीन. मंग सांगीन."

रेवती मला एकटीला फोनवर म्हणाली, "आई, बाबा नाही म्हणाले तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरं कोणाशीही करणार नाही, हेही सांगून ठेवते." बापाची लेक शोभते अगदी! अशा रीतीने आम्ही दोघं ऐन फेब्रुवारीत विमानात बसलो. यांच्या बॅगेत दशम्या, जवसाची चटणी आणि माकडटोपी. माझ्या बॅगेत देवाचा अंगारा.

बार्सेलोना, नुसतं उतरण्यापुरतं

बार्सेलोनात आम्ही थोडंच थांबलो, तेव्हा त्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. पर्स खांद्याच्या मागे लटकवू नका, पोटावर घ्या. आणि पुतळे बघत तोंड वर करून चालू नका, कारण तिथले खिसेकापू त्याच घडीची वाट पाहत असतात. यांना ही सूचना रेवतीने दिली तेव्हा यांनी सगळी कागदपत्रं बनियनच्या आतल्या कप्प्यात ठेवली. पुढे जिथे जिथे पासपोर्ट मागितला तिथे तिथे हे भर काउंटरसमोर शर्टाची बटणं काढायला लागले. हॉटेलातली मुलगी बिचारी खाली बघून हसत होती.

तारागोनाला जाताना वेगवान गाडीचं तिकीट काढू नका. ती गाडी गावापासून लांब माळरानात सोडते. साधी गाडी घ्या आणि डाव्या हाताला खिडकीत बसा. मग बघा मजा! बोगद्यातून गाडी बाहेर पडली की खाली समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र. आम्ही वऱ्हाडातली माणसं, पाणी म्हणजे आम्हाला धरणातलं ठाऊक. मी तर प्रत्येक बोगद्यानंतर "आला, आला!" म्हणून ओरडत होते. समोरची म्हातारी हळूच उठून दुसरीकडे जाऊन बसली.

तारागोना

स्टेशनावर अर्णाऊ घ्यायला आला होता. उंच, दाढीवाला, कानापर्यंत हसू. "नमस्कार काका, नमस्कार काकू," म्हणाला आणि सरळ वाकून पाया पडायला गेला. हे इतके बावरले की एक पाऊल मागे सरले आणि बॅगेवर बसले. पहिली भेट ही अशी झाली.

आता कामाचं ऐका. तिथे दुकानात शिरलं की आधी "बोन दीआ", म्हणजे शुभ दिवस म्हणायचं, निघताना "अदेऊ". एवढं जरी जमलं तरी लोकांचे चेहरे उजळतात. स्पॅनिश सगळ्यांनाच कळतं, पण कॅटलान ही त्यांची स्वतःची वेगळी भाषा आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. पुण्यात आपल्याला कोणी "काहून भाऊ, कसं काय?" म्हटलं की जीव कसा हरखतो, तसंच ते! यांनी ही गोष्ट फारच मनावर घेतली. मेडिकलवाल्याला बोन दीआ, बाकावरच्या म्हाताऱ्याला बोन दीआ, एका कुत्र्यालासुद्धा बोन दीआ. अंधार पडल्यावरही यांचं दीआच चाललेलं.

दुपारी जेवणाच्या वेळेला बहुतेक दुकानं बंद होतात ती ऊन कललं की उघडतात. मला यात काही नवल वाटलं नाही. मे महिन्यात आपल्या अकोल्यात तरी कोण दुपारी शटर वर करतं? पण हे लोक हिवाळ्यातही दुपारी बंद! रविवारी तर विचारूच नका, शनिवारीच दूध-भाजी घरात आणून ठेवा. सोमवारी जुन्या वास्तूंना कुलूप असतं, तो दिवस समुद्राला द्या. रात्रीचं जेवण आपण झोपायला टेकतो तेव्हा मिळतं. आपल्या वेळेला हॉटेलात गेलात तर वेटर तुमच्याकडे कीव येऊन बघतो. चपला न्या पण बूटही न्या, कारण जुन्या गावात सगळे दगडी चढ-उतार आहेत आणि त्या दगडांवरून चप्पल सटकते. हे मी बसून सांगते आहे, कारण मी तिथे बसूनच खाली आले.

शाकाहारी मंडळींनी तर कान देऊन ऐकावं. तिथे "वेजिताल" नावाचं सँडविच मिळतं. नाव ऐकून मी आनंदाने मागवलं आणि पहिल्याच घासाला आत मासा! रेवती म्हणाली, "आई, त्यात भाजी आहे म्हणून ते वेजिताल." अरे, मग माझ्या ताटात लोणचं असलं म्हणजे मी काय लोणच्याची झाले? तेव्हा मासा नको, अंडं नको, हॅम नको, असं एकेक बोट मोडून सांगा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर डुकराचं हॅम येतंच, कारण हॅमला ते मांसात धरतच नाहीत.

पावावर टोमॅटो हा त्यांचा जीव की प्राण. एका हॉटेलात आमच्यापुढे भाजलेला पाव, एक अख्खा टोमॅटो, लसणाची पाकळी आणि तेलाची बाटली आणून ठेवली. हे म्हणाले, "स्वयंपाकी पयून गेला वाटते." मग यांनी टोमॅटोच्या फोडी केल्या, मीठ लावलं आणि कोशिंबिरीसारख्या खाऊन टाकल्या, लसूण खिशात टाकला. अर्णाऊ हात धुऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याने हसत हसत दुसरा टोमॅटो मागवला, मधोमध कापला आणि पावावर घासून दाखवला. वरून लसूण घासायचा, तेल सोडायचं. आणि खरं सांगते, अशी चव! मी घरी आल्यावर भाकरीवर करून बघितलं, तर भाकरीवर त्याहून छान लागतं.

रोमन लोकांनी समुद्राला लागून एक मोठं गोल मैदान बांधलं आहे, दगडी पायऱ्यांचं. पूर्वी तिथे माणसांची आणि जनावरांची झुंज लावत. मी अंगावर काटा घेऊन बघत होते आणि हे डोळे बारीक करून अंतर मोजत होते. "इथं शंकरपट झ्याक भरन," म्हणाले. अर्णाऊने विचारलं, शंकरपट म्हणजे काय? मग भर मैदानात यांनी बैलांच्या शर्यतीची अशी नक्कल करून दाखवली की दोन जपानी बायकांनी फोटो काढले. मोठ्या रस्त्यावर माणसांच्या मनोऱ्याचा पुतळा आहे. तिथे सणाला खरोखरीची माणसं असे मनोरे रचतात, अगदी दहीहंडीसारखे. "पन हंडी कुठी हाय?" यांनी विचारलं. हंडी नसते, वर चढलेलं लेकरू नुसता हात उंच करतं आणि उतरतं, हे कळल्यावर हे चाट पडले. "नुसता हात दाखवाले एवढं वर चढते? लयच भारी लोकं हायेत, बाप्पा!"

मी मात्र एका बाबतीत अशी फसले की विचारू नका. रेवतीच्या खालच्या मजल्यावर दोलोर्स नावाची एक गोड म्हातारी राहते. तिने आम्हाला बोलावलं आणि बदामाचा केक पुढे केला. वास असा की तोंडाला पाणी सुटलं. पण आपली रीत! मी लाजून म्हटलं, "नको, नको." आता ती म्हणणार, अहो घ्या ना, मी म्हणणार, बरं अगदी थोडा. तर दोलोर्सने मान डोलावली आणि केक उचलून आत नेला! आत! परत आणलाच नाही! मी रेवतीकडे बघते तर तिला हसू आवरेना. "आई, इथे नको म्हणजे नको. इथे आग्रह करत नाहीत, तो त्यांना आगाऊपणा वाटतो." तेव्हा बायांनो, भूक असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हणा. त्या केकची मला अजून हळहळ आहे.

यांचा मात्र डंका वाजला. कोळ्यांच्या वस्तीत, बंदराजवळ, एका हॉटेलात आम्ही गेलो. तिथे काचेचं एक भांडं असतं, त्याला बारीक निमुळती तोटी. त्याला पोर्रो म्हणतात. लोक त्यातून वाइन पितात, पण ओठ लावायचा नाही. भांडं उंच धरून धार तोंडात घ्यायची. परदेशी पाहुणे अंगावर सांडून घेतात आणि सगळे हसतात. अर्णाऊने यांच्यासाठी त्यात पाणी भरून आणलं. अहो, ज्या माणसाने उभा जन्म वावरात लोट्यातून वरून पाणी पिण्यात घालवला त्याला काय त्याचं! यांनी पोर्रो धरला, हात लांबवला, आणखी लांबवला, आणि घटाघटा सगळा रिकामा केला. एक थेंब शर्टावर नाही. शेजारच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. अर्णाऊने तर यांना मिठीच मारली.

त्या दिवशी मला वाटलं, झालं, आता हे हो म्हणतात. चांगला मूड बघून मी विचारलंही. "घर कुठी पाह्यलं अजून?" हे म्हणाले. "वावर कुठी पाह्यलं?" आणि कूस बदलून झोपले. रेवती सकाळी माझा चेहरा बघूनच समजली.

वाल्सजवळचं शेत

अर्णाऊच्या आईवडिलांनी आम्हाला रविवारी शेतावर जेवायला बोलावलं. बाप जोसेप, आई मोन्से. गाव वाल्सच्या जवळ, तारागोनाहून गाडीने फार लांब नाही. त्या भागात फेब्रुवारीत जाणार असाल तर देवाचे आभार माना, कारण बदामाची झाडं फुललेली असतात. पान एक नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं. मी गाडी थांबवून थांबवून फोटो काढले. रेवती पुढे बसून नखं खात होती. हे खिडकीतून माती बघत होते.

पोहोचल्या पोहोचल्या जोसेप यांना शेत दाखवायला घेऊन गेला. दोघांची एकही भाषा सारखी नाही, पण दोघांचे हात पाठीमागे सारखेच बांधलेले. हे वाकले, मूठभर तांबडी माती उचलली, चोळली. "यात काय पिकते, गोटे?" म्हणाले. तसं जोसेपनेही एक गोटा उचलून दाखवला आणि कपाळाला हात लावला. म्हणजे त्याला कळलं! मग दोघं ऑलिव्हच्या झाडापाशी कितीतरी वेळ उभे होते. छाटणी कशी करायची यावरून काहीतरी वाद चालला होता, आपापल्या भाषेत, हातवारे करून. मी मोन्सेला मराठीतच म्हटलं, जमलं यांचं.

आता या जेवणाबद्दल सांगते. तिकडे हिवाळ्यात एक लांब पातीचा कांदा येतो, कलसॉट नावाचा. द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांचा मोठा जाळ करायचा, त्यावर कांदे काळेठिक्कर होईस्तोवर भाजायचे, मग वर्तमानपत्रात गुंडाळून वाफ जिरवायची आणि कौलावर वाढायचे. हो, घराच्या कौलावर! एका हाताने पात धरून जळकं साल ओढून काढायचं, आत पांढराशुभ्र गाभा. तो बदाम-टोमॅटोच्या लालभडक चटणीत बुडवायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. गळ्यात लहान लेकराचं बांधतात तसं लाळेरं बांधलेलं. हात काळे, तोंडं काळी, सगळे हसताहेत. अगं, हा तर आपला हुरडाच! जाळ तोच, धूर तोच, चटणी तीच, आणि एकमेकांची थट्टाही तीच. मला तर दर्यापूरच्या वावरात बसल्यासारखं वाटलं. मोन्सेने विचारलं तेव्हा मी ताबडतोब हो म्हटलं आणि एकामागून एक हाणायला सुरुवात केली.

जोसेप सगळ्यात मोठं कौल घेऊन यांच्यापाशी आला. त्याने यांच्यासाठी चांगले जाड, रसरशीत कांदे निवडून ठेवले होते. यांनी हात जोडले. "नको." जोसेपला वाटलं, लाळेरं नको असेल. ते बाजूला ठेवलं. यांनी परत हात जोडले. मग अर्णाऊ धावत जाऊन पोर्रो घेऊन आला, पाण्याने भरलेला. आईबापाला केव्हाची ती करामत बघायची होती. यांनी त्यालाही मान हलवली. पाणीसुद्धा नको! मोन्से पाव-टोमॅटो घेऊन आली, संत्रं घेऊन आली. नको, नको. आणि तिथे कोणी आग्रह करत नाही.  जोसेपने कौल हळूच खाली ठेवलं आणि आपलंही लाळेरं सोडलं. अर्णाऊचं हसू पहिल्यांदाच पुसलं गेलेलं मी पाहिलं. रेवती उठली आणि बदामाच्या झाडांकडे चालू लागली.

माझा असा संताप झाला! तशीच काळ्या हातांनी यांच्यापाशी गेले. "अहो, लाज वाटते का काही? लोकांनी इतकं मनापासून केलं आणि तुम्ही पाण्याला शिवत नाही? हॉटेलात तर परवा दोन-दोन ताटं रिकामी केलीत! काय खुपलं तुम्हाला, ते तरी सांगा!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी वेडी आहे असं त्यांना वाटलं असावं. "तू कावून चिडून राहिली?" म्हणाले. "पोरीच्या सासरी बाप जेवते काय? नातवंड होईस्तोवर पानी बी चालत नाही. तुह्या बापानं पेलं होतं काय आपल्या घरचं?"

 माझे बाबा हिवरखेडहून उन्हातान्हात एस.टी.ने मला भेटायला दर्यापूरला यायचे. सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि बाबा हात जोडायचे. ओसरीवर बसून माझी विचारपूस करायचे आणि तसेच, कोरड्या घशाने, परत जायचे. मला रडू यायचं. रेवतीला घेऊन मी सासरी आले तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या घरी पाटावर बसले आणि पुरणपोळी मागून मागून खाल्ली. हे सगळं मी विसरलेच होते. आणि या माणसाने अकोल्यात नाही, दर्यापूरला नाही, इतक्या लांब येऊन ते पाळलं होतं. सासर म्हणाले हे! स्वतःच्या तोंडाने सासर म्हणाले!

"अहो, पण मी तर खाल्लं!" मी ओरडले. माझ्या जागेवर सालांचा हा एवढा ढीग पडला होता.

"तुले कोन थांबवते," हे म्हणाले. "मी मातीच पाहून राहिलो होतो, तवर तू बसली बी."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. समोर तिघं पुतळ्यासारखे उभे, कोणाला काही कळत नाही, आणि त्यांना सांगू शकणारी एकच जण झाडांत जाऊन बसलेली. "जा," मी यांना म्हटलं, "तुमच्या लेकीला तुम्हीच सांगा. मला जमणार नाही." हे उठले, धोतर असल्यासारखी पँट झटकली आणि निघाले. मीही मागोमाग गेले. मला कुठला धीर!

रेवती एका झाडाला टेकून पाठमोरी उभी होती. केसांत फुलं पडली होती. वळली नाही. "बाबा, तुम्हाला नसेल आवडला अर्णाऊ तर तसं तोंडावर सांगा," ती म्हणाली.  "मी ऐकेन तुमचं. पण त्यांच्या घरचं साधं पाणीसुद्धा घेतलं नाही तुम्ही. असं का केलंत?"

यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा," हे म्हणाले, "नाही म्हनायचं असतं त पोटभर जेवलो नसतो काय? आता डोये पूस आन् त्या मानसाईले सांग, लगन लवकर उरका. कांद्याचा वास लय जीव घेऊन राहिला."